ड्रॅगन थांबायचा

तेव्हा ड्रॅगन थांबायचा.
आई आतून ओरडायची, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर,
मी कंट्रोलर गादीवर टाकून जायचो,
गॅस बंद करायचो, दुधाचं पातेलं झाकायचो,
परत येईपर्यंत तो तिथेच, डावीकडे,
किंचित डुलत,
जबड्यात आग तयार ठेवून
माझ्या पाळीची वाट बघत.
इतका सज्जन शत्रू पुढे नोकरीत भेटला नाही.

चौथा भाग पासोड्या विठोबाच्या मागल्या बोळात मिळाला होता,
तीन सीड्या, ऐंशी रुपये,
मार्करने लिहिलेलं नावसुद्धा चुकीचं.
दुसरी सीडी अडकायची.
तौफिकने तिला टूथपेस्ट लावून बनियनला पुसली
आणि बुडालेलं शहर वर आलं.

आता सोळावा आलाय.
शंभर जीबी. धायरीच्या अकराव्या मजल्यावर
रात्रभर थेंब थेंब उतरत होता.
सकाळी उघडला, तर पाळी नावाची गोष्टच नाही.
कुणी कुणासाठी थांबत नाही.
चौघांच्या टोळीतला एकच उरलाय,
आणि उडी कधी, ढाल कधी, हे अंगठ्यांनी ठरवायचं.
माझे अंगठे एकेचाळीस वर्षांचे आहेत.
पहिल्याच पुलावर सात वेळा मेलो.
बहिणीच्या ओजसने, आठवीतल्या,
खाकरा खात खात पूल ओलांडला.

पण हेही सांगायला हवं:
घोड्याच्या मानेवरून पाणी ओघळतं ना,
एकेक धार वेगळी दिसते.
आमचा घोडा सोळा चौकोनांचा होता.
आम्ही त्याला घोडा म्हणालो म्हणून तो पळाला.

तौफिक म्हणतो, हा सोळावा नव्हे,
हा कुणीतरी भलताच, आडनाव लावून आलेला.
घेणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
(सातव्यालाही हेच म्हणाला होता, शब्दन्‌शब्द.
सातव्याच्या शेवटी रडला.)
आणि जुन्याला शिव्या कोण घालायचं? आम्हीच.
दर दहा पावलांना लढाई,
तेच वटवाघूळ, तेच ढोल.

प्रत्येक भागात एक दिवेवाला असतो.
शेवटच्या गुहेआधी, रस्त्याकडेला, पाटीत पणत्या.
म्हणतो, रात्र मोठी आहे, सावकाश जा.
एवढंच.
दहावीच्या गणिताला जाताना आम्ही हे एकमेकांना म्हणालो.
तौफिकच्या अब्बांना माती देऊन परतताना
भवानी पेठेच्या कोपऱ्यावर म्हणालो,
दुसरं काही सुचेना म्हणून.

सुनृता या खेळापायी जपानी शिकली.
आता चाकणला गिअरबॉक्सची पुस्तकं मराठीत आणते.
परवा सिंहगड रस्त्यावरच्या जपानी बागेत,
तळ्याशी, शेंगदाणे सोलता सोलता,
शुद्धलेखनाची चूक दाखवावी तशी म्हणाली,
मुळात तो 'सावकाश' म्हणतच नाही.
मुळात आहे: रात्र मोठी आहे, पाय उचल.
कुणीतरी घाईत उलटं लिहून ठेवलं.

केशरी मासे तोंडं उघडत, मिटत होते.
खोटं आहे, तौफिक म्हणाला.
पंधरा वर्षं माहितीये मला, ती म्हणाली,
आणि टरफलं पिशवीत भरली.

काल रात्री, चाळिसाव्या तासाला, दिवेवाला सापडला.
आता त्याला कातडी आहे, कातडीवर छिद्रं आहेत,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
मांडीवर कापूस घेऊन वात वळत बसलेला.
मी एकही बटण दाबलं नाही,
नुसता उभा राहिलो.
मागून लांडगा आला. मेलो.

दीड वाजता तौफिकला फोन लावला.
आहे का तो?
आहे.
काय म्हणतो?
काहीच नाही. वात वळतो.

पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाला,
किती जीबी आहे म्हणालास?